सतराजणींचे जोडलेले हात

उंबरदरीच्या शाळेत मनकर्णाने एकवीस वर्षं खिचडी शिजवली. एवढ्या वर्षांत शाळेविषयी तिचं मत कुणी विचारलं नाही आणि तिनेही ते आपणहून कुणाला सांगितलं नाही. विचारलं ते एकदाच, गेल्या उन्हाळ्यात, तेही फोनवर. तिने मनापासून उत्तर दिलं, आणि त्या उत्तरानेच शाळा गेली. गावात हे तिच्या तोंडावर कुणी म्हणत नाही. पण तिचं तिला कळायचं ते कळलेलं आहे.

उंबरदरी जवळा बाजारपासून नऊ किलोमीटरवर. दीडशे उंबरे, एक मारुती, एक बुद्धविहार, एक टाकी जी निम्मी भरते, आणि पाचवीपर्यंतची दोन खोल्यांची शाळा. मनकर्णाचा नवरा संतराम विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, तेव्हा तिचा विश्वंभर सहा वर्षांचा होता. त्या वेळच्या गुरुजींनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, शाळेत लेकरांना शिजवून घालायचं काम हाय. पैसे फार न्हाईत, पन रोज हाय." मनकर्णा दुसऱ्या दिवशी पहाटेच शाळेच्या दारात जाऊन बसली. गुरुजी आले साडेनऊला. तोवर तिने अंगण झाडून घेतलं होतं.

नंतर गुरुजी बदलले, पाच आले नि पाच गेले. चुलीच्या जागी शेगडी आली. मनकर्णा तिथेच राहिली. लेकरं तिला मावशी म्हणत. आधी ज्यांनी मावशी म्हटलं त्यांचीच लेकरं पुढे मावशी म्हणू लागली. कोणतं पोरगं घरून उपाशी आलंय, हे तिला हजेरी व्हायच्या आधी कळायचं. त्याला ती काही विचारायची नाही, नुसती पहिली भरलेली पळी त्याच्या ताटात टाकायची. पातेल्याच्या बुडाची खरवड मात्र ती पाळीने द्यायची, कारण खरवडीपायी एकदा दोन पोरांनी एकमेकांची डोकी फोडली होती.

तिचा एक नियम होता. ताटात वाढताना कुणी "नको" म्हणून ओरडलं की तिला खपायचं नाही. "अन्नाला नगं म्हनू न्हाई," ती दटावायची. "पोट भरलं का हात जोडायचे. वाढनाऱ्याला समजतंय." हे काही तिने काढलेलं खूळ नव्हे. लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस काय करतो? वाढपी बुंदीचं भांडं घेऊन समोर आला की हा पानावर वाकतो, दोन्ही हात जोडतो, आणि वाढपी पुढे सरकतो. साक्षीला बोलावलं, हात जोडले. भांडणात ओढलं, हात जोडले. मोठ्या माणसाला सरळ नाही म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, म्हणून आपल्याकडे हात जोडून सुटका करून घेतात. उंबरदरीच्या शाळेतली पस्तीस पोरं रोज दुपारी अशी हात जोडायची आणि मनकर्णा पळी मागे घ्यायची. पुढे पस्तिसाची एकोणीस झाली. ज्यांना परवडत होतं त्यांनी आपली लेकरं गाडीने मोठ्या गावात घालायला सुरुवात केली होती.

आता गावाच्या ग्रुपविषयी. सरपंच भागवतरावांची सून प्रतिक्षा नांदेडची, बीएस्सी झालेली, हुशार आणि मनाने सरळ. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत तिने 'उंबरदरी विचारमंच' नावाचा ग्रुप काढला. ग्रामसभेला कधी कोरम भरत नसे. भरला तरी आठ-दहा पुरुष बोलत, बाकीचे तंबाखू मळत, आणि बायका तर दारातून डोकावून परत जात. ग्रुपवर मात्र दोनशे चौदा माणसं जमली. पुण्यात नोकरीला असलेली, ऊसतोडीला गेलेली, हैदराबादला गवंडीकाम करणारी, आणि घरोघरच्या बायकासुद्धा. खोटं कशाला बोला, ग्रुपने गावाचं भलंही केलं. खुरपणीची टोळी चालवणाऱ्या पारुबाईची सून बाळंतपणात अडली तेव्हा वीस मिनिटांत रक्ताची सोय झाली. नळाला पाणी कधी येणार हे कळू लागलं. हरवलेली म्हैस सापडली, मग ती म्हैस आपली नाही म्हणून परतही गेली.

विश्वंभर चाकणला टेम्पो चालवतो. त्याने आईला जुना फोन दिला होता. पुण्यातल्या कुणीतरी ग्रुपवर "पोरांना खरंच खायला मिळतं का?" असं विचारलं, तेव्हापासून मनकर्णा रोज पातेल्याचा फोटो टाकू लागली. तिला वाचता येत नव्हतं. बोलून पाठवायचं तिला ठाऊक होतं, पण दोनशे माणसांत आपला आवाज जायचा म्हटलं की ती फोन खाली ठेवायची. तिला दोन चिन्हं येत, अंगठा आणि जोडलेले हात. अंगठा म्हणजे हो. जोडलेले हात म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

मार्चमध्ये वरून विचारणा आली. पट कमी झालाय, शाळा चालू ठेवायची की लेकरं जवळा बाजारच्या मोठ्या शाळेत पाठवायची, गावाचं मत कळवा. भागवतराव म्हणाले, "सभा घेऊन काय फायदा? चार टाळकी येतील. गुरुपवर टाक, सगळ्याइचं मत बराबर कळंल." प्रतिक्षाने नीट विचार करून लिहिलं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच बोलूनही टाकलं. गावातली शाळा बंद करून मुलांना गाडीने जवळा बाजारला पाठवावं, असा प्रस्ताव आहे. तीन दिवसांत प्रत्येकाने आपलं मत कळवावं. लिहिता येत नसेल तर चिन्ह टाकलं तरी चालेल. कोणतं चिन्ह म्हणजे काय, एवढं सांगायचं तिच्या ध्यानात आलं नाही. ऐकणाऱ्यांपैकीही कुणाच्या ध्यानात आलं नाही. प्रत्येकाला ते माहीतच होतं.

मनकर्णाने ते बोलणं तीनदा ऐकलं आणि शेजारच्या शकुबाईकडे गेली. शकुबाई सातवी शिकलेली. तिची आरोही तेव्हा चौथीत होती, शाळेतली सगळ्यांत चुणचुणीत पोरगी. ती पाढे म्हणायला लागली की गुरुजी खडू खाली ठेवायचे.

"काय लिहून राहिले गं लोक?" मनकर्णाने विचारलं.

शकुबाईने वाचून दाखवलं. पहिल्याच दिवशी दीडशेच्या वर निरोप आले होते. पुण्यातला एकजण लिहीत होता की काळाबरोबर बदललं पाहिजे. दुसरा लिहीत होता, मी याच शाळेत शिकलो, ती माझी आई आहे. मग त्या दोघांची जुनी बांधाची भांडणं निघाली. मधेच कुणीतरी गणपतीचा फोटो टाकला. ज्यांची पोरं शाळेत नव्हतीच ते सगळ्यांत जास्त बोलत होते. अंगठ्यावर अंगठे येत होते.

"हे सगळे व्हयवाले हायेत," शकुबाई म्हणाली. "बाई, माझ्या घरचे पोरीला गाडीत घालनार न्हाईत. शाळा बंद झाली का आरोहीचं शिक्षन संपलं समजा."

हे ऐकून मनकर्णा उठली. आपलं काम जाईल हा घोर तिला होताच, नाही असं नाही. पण आरोही घरी बसेल हे तिला अजिबात सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदा ती मत मागायला निघाली. दोन दिवस भरदुपारी ती गावभर हिंडली. ज्या घरची लेकरं तिच्या हातचं खात होती, त्या प्रत्येक घरी गेली.

"सरपंचाला तोंडावर नगं कसं म्हनावं बाई?" बायका विचारायच्या. "तेबी सगळ्या दुनियेसमोर?"

"नगं म्हनायचंच न्हाई," मनकर्णा समजवायची. "हात जोडायचे. बाबाहो, हात जोडतो तुमाला, पन शाळा बंद करू नगा. समजतंय त्याइला."

बायकांना ते लगेच पटलं. कुणाचं मन दुखवायचं नाही आणि आपलं म्हणणंही पोचवायचं, याहून सोयीचं काय असणार? ज्यांच्याकडे फोन होता त्यांनी तिच्यासमोरच हात टाकले. काहींनी नवरा जेवायला बसल्यावर त्याच्या खिशातला फोन काढून त्यावरून टाकले. कुणाला सापडेना तर मनकर्णाने आपल्या बोटाने दाखवलं. तिच्यासकट सतराजणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शकुबाईच्या ओट्यावर बसून तिने ती रांग पाहिली. एकाखाली एक सतरा जोडलेले हात. एवढ्या जणींनी मिळून गावात कधी काही मागितलं नव्हतं. मनकर्णाला भरून आलं. आता कोण बंद करतंय, असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा.

चौथ्या दिवशी निकाल आला. शकुबाईने वाचला, मग पुन्हा वाचला, आणि फोन मांडीवर ठेवला.

"काय झालं?"

"छत्तीस सहमत, पाच असहमत. शाळा बंद करायला गावाची संमती हाय म्हनून लिवलंय."

"छत्तीस कुठून आले? अंगठे तर एकोनीस हुते."

शकुबाईने खाली आलेली नावांची यादी उघडली. सहमत असणाऱ्यांत विसावं नाव होतं, मनकर्णा संतराम. त्याखाली बाकीच्या सोळाजणी, काही नवऱ्याच्या नावाने. एकविसावं नाव शकुबाईचं स्वतःचं.

मनकर्णा तशीच सरपंचाच्या घरी गेली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. प्रतिक्षा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मनकर्णाने काय झालं ते सांगितलं तशी त्या पोरीचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी, खरंच सांगते, मला वाटलं तुम्ही 'बरं, तुम्ही म्हणाल तसं' म्हणताय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर सगळे होकाराला तेच टाकतात. नाहीतर धन्यवादाला."

"पोरी, तुझ्या लग्नात पंगतीला मी वाढायला हुते. कुनी हात जोडले तर मी काय केलं? आनखी वाढलं का?"

प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं चुकलं होतं, पण तिच्या मनात पाप नव्हतं, हे मनकर्णाला दिसत होतं. म्हणूनच तिला रागावता येईना, आणि राग काढायला दुसरं कुणी समोर नव्हतं. भागवतराव आतून आले. सगळं ऐकून त्यांनी डोकं खाजवलं. भागवतराव काही परके नव्हते, उंबरदरीतच वाढलेले. हात जोडण्याचा अर्थ त्यांना कळत नव्हता असं कोण म्हणेल? पण त्यांनी यादी पाहिली नव्हती, नुसता आकडा पाहिला होता.

"कागद तर सकाळीच गेला," ते म्हणाले. "तरी बघू. सूनबाई, पुन्हा इचार गुरुपवर. बायाइनं सरळ लिवावं म्हनावं."

प्रतिक्षाने त्याच दुपारी लिहिलं. मोजणीत माझी चूक झाली आहे, त्याबद्दल क्षमा मागते. ज्या भगिनींनी हात जोडले त्यांचं नक्की मत काय होतं ते त्यांनी आज रात्रीपर्यंत शब्दांत कळवावं. चुकीची जबाबदारी तिने अशी चारचौघांत स्वतःवर घेतली, ते सोपं नव्हतं.

त्याखाली पहिलं उत्तर पुण्याहून आलं. आमच्या बायकांना आपण कशाला हो म्हटलं तेच कळत नाही, असं कुणीतरी लिहिलं आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे तीन चेहरे. मग त्या चेहऱ्यांना आणखी चेहरे. अर्ध्या तासात पन्नासेक माणसं हसून गेली. त्यांतली निम्मी पुरुषमंडळी त्याच बायकांच्या घरची होती. संध्याकाळी गल्लीगल्लीतून आवाज येऊ लागले. तुला कुणी सांगितलं होतं फोनला हात लावायला? माझ्या नावानं काय काय टाकून ठिवलंस? शकुबाईच्या नवऱ्याने, नरसिंगने, तिचा फोन काढून घेतला. मारलं नाही, पण चार दिवस बोलला नाही.

सतराजणींतली एकही लिहायला पुढे आली नाही. कशी येणार? हसू झालेल्या माणसाला पुन्हा तेच बोल म्हटलं तर जीभ उचलते का?

मनकर्णाने एकटीने धीर केला. आत जाऊन दार लोटलं, ते लहान माईकचं चिन्ह दाबून धरलं आणि बोलली. "मी मनकर्णा बोलून राहिले. शाळंत शिजवते ती. आमी हात जोडले ते नगं म्हनून जोडले. बायाइला हसू नगा, त्याइला मीच सांगितलं हुतं. चूक झाली तर माझी. पन लेकराइची शाळा घेऊ नगा. गाडीनं सगळी लेकरं जानार न्हाईत, पोरी तर न्हाईच." एवढं बोलून तिने बोट उचललं.

दोन मिनिटांत त्याखाली निरोप यायला लागले. फोन वाजत राहिला तसा तिचा जीव वरखाली होऊ लागला. तिने शेजारच्या एका कॉलेजच्या पोरीला हाक मारून वाचायला लावलं. त्या दिवशी चाकणच्या एका मेंबराच्या मुलाचा वाढदिवस होता. शुभेच्छा येत होत्या, केकचे फोटो येत होते. मनकर्णाचं बोलणं वर वर सरकत गेलं आणि दिसेनासं झालं. किती जणांनी ऐकलं हे बघता येतं म्हणे. त्या पोरीने बघितलं, आणि मावशी, जाऊ द्या ना, म्हणाली. बाकी कुणीच पुढे न आल्यामुळे गेलेला कागद तसाच कायम राहिला.

इकडून सतरा काढून तिकडे टाकले असते तर एकोणीस आणि बावीस झाले असते. शाळा तीन मतांनी वाचली असती. हा हिशोब मनकर्णाने कुणाला विचारला नाही, बोटांवर स्वतः केला. रोज करायची. पुढचे कितीतरी दिवस भाकरी थापताना तिची बोटं आपोआप मोजायला लागायची.

एप्रिलअखेर शेवटची खिचडी झाली. लेकरांना ती शेवटची आहे हे नीटसं कळलं नव्हतं, सुट्टी लागणार म्हणून ती खुशीत होती. गुरुजींनी मनकर्णाला साडीचोळी केली, फोटो काढला. जूनमध्ये गाडी सुरू झाली. एकोणिसातली तेरा लेकरं त्यात बसून जाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर त्यांतली काही तिकडे चांगली रमली. सहाजण घरी राहिले. सहाही पोरी.

आरोहीसाठी मनकर्णा नरसिंगकडे तीनदा गेली. तिसऱ्या वेळी तो वैतागून म्हणाला, "बाई, मी काय दुश्मन हाय का पोरीचा? शाळा गावात हुती तवर घातली. आता नऊ किलोमीटर एकटी पाठवून काही इपरीत झालं तर तुमी जबाबदार ऱ्हानार का?" जबाबदार हा शब्द मनकर्णाला कुठे लागला, ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

शकुबाई कधी काही बोलली नाही. एकदाच, हापशावर दोघींची घागर भरत असताना, ती खाली बघून म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून मी टाकलं हुतं, बाई. मला लिवता येत हुतं. नको, एवढे दोनच अक्षरं. ते मी लिवू शकत हुते." तिने ते रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

काम गेल्यावर मनकर्णा पारुबाईच्या टोळीत खुरपायला जाऊ लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी वाकून वाकून तिची कंबर धरायची. श्रावणाच्या तोंडाला सोयाबीनमध्ये तण माजलं आणि टोळीला माणूस कमी पडू लागलं. एका सकाळी शकुबाई आली ती आरोहीला घेऊन. पोरीने आईचं जुनं खुरपं घेतलं होतं, डोक्याला ओढणी गुंडाळली होती. शाळेचाच शर्ट होता अंगात, बाह्या दुमडलेल्या. पारुबाईने ज्याची त्याची पात, म्हणजे खुरपत जायचा पट्टा, नेमून दिली. आरोहीची पात नेमकी मनकर्णाच्या शेजारी आली.

मनकर्णाने मान वर केली नाही. शेजारून खुरप्याचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सारखा, मग भराभर. तासाभरात पोरगी पुढे गेली. दहा पावलं, वीस पावलं. सगळ्या बायकांच्या आधी तिची पात बांधाला लागली.

"शकू, पोरगी हाताला लागली गं तुझी!" पारुबाई लांबून ओरडली. "काय झपाटा हाय! पुऱ्या बाईच्या बराबर काम हाय तिचं."

बायका हसल्या, कौतुकाने बोलल्या. आरोही बांधावर उभी राहून लाजली आणि मग तिचं तोंड असं फुललं की बघत राहावं. शाळेत पाढे म्हणून झाले की ती अशीच फुलायची. मनकर्णाचा हात थांबला. पोरगी रडली असती, कुरकुरली असती, तर तिला जवळ घेता आलं असतं. ती तर खुशीत होती.

आरोही बांधावरून उलटी फिरली आणि समोरून मनकर्णाचीच पात खुरपत तिच्याकडे येऊ लागली. जवळ आल्यावर कपाळावरचा घाम पुसून म्हणाली, "मावशी, तुमाला कंबरंची तकलीफ हाय ना? तुमी बसा. मी करते एवढं. आता मी रोजच येनार हाय."

मनकर्णाने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी बोलायचं होतं, पण त्यातलं एकही त्या लेकराला सांगण्याजोगं नव्हतं.

"ये," ती म्हणाली, आणि पातीतून बाजूला झाली.